सतरावा खोका

ड्यूलुथच्या या तळघरात एप्रिलमध्येही हीटर घरघरतो.
वर सुपीरिअर सरोवराचा बर्फ कडकड फुटतोय,
खाली मी पांढरे हातमोजे घालून
निगेटिव्ह काचेवर ठेवते, झाकण लावते, थांबते.
दिवसाला साठ. डब्यात पोळी आणि कालची कोबीची भाजी.

इथली माणसं मला आधी उलटी भेटतात:
दात काळे, बुबुळं पांढरी,
नवरीच्या अंगावर कोळशाचा झगा,
आणि लोखंडाच्या खाणीतून वर आलेला मजूर
चुन्याच्या निवळीसारखा.

एल्डन हॅवरकॅम्प डोंगरवाला.
खेचरावर भलामोठा कॅमेरा लादून पश्चिमेला जायचा.
एका कड्यासाठी अकरा दिवस थांबला, वहीत आहे:
'ढग नको तिथे.'
'आजही नको तिथे.'
नवव्या दिवशी नुसतं, 'घेवडा संपला.'
दगडाची शीर न् शीर मोजून घ्यावी इतकं लख्ख काम,
आणि माणूस औषधालाही नाही.
बायको सोबत असायची म्हणे, स्वयंपाकाला.
मी भिंग घेऊन कोपरे शोधले.
धूरसुद्धा नाही.

थिओडोशा क्विग्ली बरोबर उलट.
कॅमेरा कमरेपाशी, नजर भलतीकडे.
कलंडलेला फूटपाथ, अर्धी टोपी,
फुगा सुटलेली बोटं, फुगा चौकटीबाहेर कुठेतरी.
पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, हिचा हात हलतो.
मार्लिस एंगेब्रेटसन इथे एकतीस वर्षं आहे.
चष्मा पुसत म्हणाली,
'हात नाही. पळत होती ती.
लोक मारायला धावायचे.'

आणि खोका सतरा.
लेम्युएल प्रॉक्टर, धुळीच्या वर्षांत
सरकारी कचेरीने शेतांवर धाडलेला,
मैलामागे तीन सेंट भत्ता.
तो आधी नुसता बसायचा,
पालथ्या बादलीवर, तास दोन तास,
लोक त्याला विसरेपर्यंत.
मग एकदाच खटका.
परत गेल्यावर कचेरीतले साहेब फिल्म उजेडाला धरायचे
आणि नापसंत पडली की
कंडक्टरने तिकिटाला पाडावं तसं
बरोबर मध्ये गोल भोक.

आज दुपारी आलं ते असं:
जाळीच्या दारात बाई, कडेवर मूल,
मुलाच्या गालावर भोक.
भोकातून उजेड सगळाच्या सगळा आरपार जातो,
म्हणून सुलटं केलं की तिथे गडद काळा ठिपका.
पडद्यावर चित्र उमटलं आणि मी ओरडलेच,
तीट!

काय? मार्लिसने विचारलं.
सांगू लागले: आमच्याकडे पोर गोजिरं असलं
की आई काजळाचं बोट लावते,
मुद्दाम एक डाग,
कुणी डोळे भरून बघू नये म्हणून.
तिने खुर्ची ओढली, बराच वेळ बघत राहिली.
'पण हे तर नको म्हणून लावलंय.'
हो, म्हटलं.
'आणि आपण बघतोच आहोत.'
हो.

रकान्यात लिहायचं असतं: नुकसान, होय किंवा नाही.
होय. व्यास सहा मिलिमीटर.
काजळाला तिथे रकाना नाही.

वर पुलाचा भोंगा झाला, मोसमातली पहिली बोट
बर्फ फोडत आत येत असेल.
मार्लिस कोट चढवून बघायला गेली.
मी म्हटलं, आलेच, एवढं एक करते.

तेच दार, तीच बाई,
मूल आता खाली मातीत, धड दिसतंय, हसतंयसुद्धा.
भोक या वेळी आईच्या तोंडावर.

याला आमच्याकडे काही म्हणत नाहीत.
मी झाकण उघडते, काच पुसते,
पुन्हा ठेवते.