वाक्यात उपयोग करा

सातवीच्या चाचणीत मीच घातला होता तो प्रश्न:
'कलाटणी मिळणे.' वाक्यात उपयोग करा. गुण एक.

बावीस पोरांनी लिहिलं, जीवनाला कलाटणी मिळाली.
कोणाच्या, कशानं, ते कोणीच लिहिलं नाही.
गाईडात तेवढंच आहे.
तेविसावी आचल नेवारे. तिनं लिहिलं:
आमच्या बसले बोरीच्या फाट्यावर कलाटणी मिळते.

मी आधी 'बसले'खाली रेघ ओढली, मग फुली मारली,
आणि लाईट गेली.

अंधारात शब्द जास्त ऐकू येतात.
'निर्णायक' हा माझ्या बीएडचा शब्द,
इस्त्रीचा, सभेला घालून जायचा.
इथं सहा वर्षांत मी तो कोणाच्या तोंडून ऐकला नाही.
इथं 'फाटा' आहे. लोक उतरतात,
पिशव्या मोजतात,
चपलेतला खडा काढतात,
आणि रोजचीच वाट धरतात.

इथं 'तास' आहे.
घड्याळातला तो आणि वावरातला तोच.
उद्धव मेश्रामच्या डवऱ्यामागं एकदा मी चालून पाहिलं.
धुऱ्याशी पोचल्यावर तो काही ठरवत नाही.
डवरा उचलतो, पासेला लागलेलं गवत बोटांनी ओढतो,
बैलांना जीभ वाजवतो.
मी विचारलं, भाऊ, या वळण्याला काय म्हणता?
"याले काय म्हनाचं मॅडम? तास सरला."

आणि पंचफुला, फाट्यावर भजे तळते ती,
तिच्याकडून मला 'मोहतूर' मिळालं.
घरी येऊन कोश काढला. मूळ शब्द मुहूर्त,
बोलून बोलून झिजलेला.
पहिल्या लग्नाला मुहूर्त, दुसऱ्याला मोहतूर,
जणू बाईसोबत शब्दानंही
अंगावरचं सोनं काढून ठेवलं.
मी विचारलं, कधी ठरवलंत?
झाऱ्यातलं तेल निथळेपर्यंत ती गप्प.
"ठरवलं कुठं?
थो पंक्चर काढत बसला होता उन्हात.
मी प्याले पानी देलं.
त्यानं त्यात ट्यूब बुडवली.
मी हासली."
मग?
"मंग काय? दहाचे देऊ का वीसचे?"

मला कोणी विचारलं तर मी तारीख सांगते.
अकरा ऑगस्ट, यवतमाळ, कोर्टाचा जिना,
दोघांनी एकाच पेनानं केलेल्या सह्या.
पेन त्याचं होतं, मी चुकून घेऊन आले.
लोकांना तारीख पुरते.
पण वळले मी त्याच्या फार आधी,
कुठल्याशा बिनतारखेच्या संध्याकाळी.
त्यानं बाहेरून विचारलं, मीठ आहे का गं घरात?
मी वांगी चिरत होते.
उत्तर दिलं नाही.

मीठ होतं.

साडेनवाला लाईट आली.
पंखा फिरला, पेपर उडाले,
आचलचा पायाखाली आला.
लाल फुली. फुलीची टिक करता येत नाही,
केली तरी दिसते.
म्हणून खाली, जागा उरली होती तिथं, लिहिलं:
गाडी वळते तेव्हा आत कोण असतं?

पेपर वाटले. सगळ्यांनी गुण पाहिले.
मधल्या सुटीनंतर तिचा माझ्या टेबलावर,
रजिस्टरखाली अर्धा सरकवून ठेवलेला,
आणि पेन्सिलीनं, दाबून:

कोनीच नाई मॅडम.
आमी उतरून जातो
मंग वळते.

एक गुण वाढवला.
बेरीज पुन्हा करावी लागली.