वीस लिटर

राम मारुती रोडवरच्या टूर कंपनीतली पोरगी गोड होती.
व्हेनिस दाखवताना आवाज खाली आणायची,
देवघरात बोलतात तसा.
मग कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवून म्हणाली,
"मॅडम, एकट्याचे बासष्ट हजार जास्त पडतात.
खोली दोघांचीच असते ना."
मी म्हटलं, पण मी झोपणार एकाच कुशीवर.
ती हसली. आकडा होता तिथेच राहिला.

जिना उतरून तलावपाळीला आले.

एकोणीस वर्षं हे पाणी माझ्या टेबलावर येतंय,
महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अर्ध्या लिटरच्या बाटलीत,
गळ्यात दोरा, दोऱ्याला चिठ्ठी: मासुंदा, पूर्व काठ.
त्यातला विरघळलेला प्राणवायू मला तोंडपाठ आहे,
गणपतीनंतर किती घसरतो,
दिवाळीपर्यंत कसा रखडत वर येतो.
पण त्याच्यावर कधी बसले नव्हते.
नर्सनं पेशंटच्या खाटेवर बसू नये, तसं काहीतरी.

पायडलची होडी. खिडकीत मढवी.
"किती जण?"
एक.
त्यानं माझ्या मागे पाहिलं,
कुणी कणीस घ्यायला थांबलं असेल म्हणून
जरा वेळ दिला.
मग उठला, शेडमागून पाण्याचा निळा कॅन आणला,
भरलेला, वीस लिटरचा,
शेजारच्या सीटवर ठेवून
लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांनी आवळला.
"नायतर कलंडते, ताई. याचं तिकीट नाय लागत."

निघालो.
कॅनच्या आत पाणी, होडीच्या खाली पाणी,
दोन्ही वेगवेगळ्या वेळी हलणारी.
त्याच्या बाजूची पायडलं माझ्या पायांबरोबर फिरत होती,
कष्ट सगळे माझे.
लग्न झालेल्या मैत्रिणींकडून हेच ऐकत आलेय.

हंसाच्या मानेची एक होडी जवळ आली.
"ताई, एक फोटो?"
मोबाइल या हातातून त्या हातात आला
आणि त्या दोघांचं सगळंच
क्षणभर हिरव्या पाण्यावर, माझ्या दोन बोटांत.
मी चार काढले. एकात तिचे डोळे मिटलेत.
ती तो पुसून टाकणार. मला तोच आवडला.
"तुमचा काढू?" मुलगा म्हणाला, आणि कॅन पाहून अडखळला.
म्हटलं, काढ. दोघांचा काढ.

मधोमध पाय थांबवले.
इथून रिक्षांचे हॉर्न लांब गेल्यासारखे,
कोपिनेश्वराची घंटा मात्र जवळ.
एक होता. त्यानं ऐरोलीच्या पुलावर स्कूटर उभी केलेली,
संध्याकाळची खाडी दाखवायला.
मी वास घेऊन सांगितलं, ओहोटी आहे.
तो दुसऱ्याच कशासाठी थांबला होता.
थोडा वेळ वाट पाहून त्यानं किक मारली.
ओहोटी होतीच पण.
आजही मी तेच सांगेन, फक्त
जरा हळू सांगेन.

ऊन नाट्यगृहाच्या भिंतीवरून उतरायला लागलं.
पाण्यावर निर्माल्यातलं एक झेंडूचं फूल,
वेफर्सचं पाकीट, आणि कडेला शेवाळ, पातळ,
सूक्ष्मदर्शकाखाली याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.
म्हटलं नाही.
पर्समध्ये रिकामी बाटली होती, ती उघडलीही नाही.
बोटं बुडवली. गार नव्हतं,
कोमटही नव्हतं. इतकी वर्षं
तापमानाच्या रकान्यात मी जे लिहिलं
ते बरोबरच होतं, आणि त्यातलं हे एकही नव्हतं.

शिट्टी. अर्धा तास संपला.
काठाला लागताच मढवीनं हात पुढे केला.
मी बसूनच राहिले.
म्हटलं, अजून एक फेरी.
पण या खेपेला कॅन डावीकडे ठेवा, मी उजवीकडे बसते.
"काय फरक नाय पडत, ताई. पाणी तेच."
म्हणाला,
पण पट्टे सोडायला वाकला.