पाच सेकंद मोकळे

मुंबईहून प्रोमो येतो तो जवळजवळ तयारच असतो.
तिसातले पंचवीस सेकंद त्यांचे.
शेवटचे पाच आमचे: निळा पडदा, आवाज नाही,
आणि सोबतच्या कागदावर
"येथे आपल्या वाहिनीचे नाव, वार, वेळ."
हाच निळा पडदा लातूरला जातो, जळगावला जातो.
तीच सुलक्षणा, तोच तिचा उंबरठा,
जो तो आपल्या पाच सेकंदांत
तिला आपल्या गावची करून घेतो.

आमची खोली द्वारकेजवळ, बॅटऱ्यांच्या दुकानावर.
हायवेवरून कंटेनर गेला की माऊस आपोआप हलतो.

मालिका नऊ वर्षं जुनी, तिसऱ्यांदा लागतेय.
सुलक्षणाचं काय होतं ते मला ठाऊक आहे,
दोनशे बाराव्या भागात सगळं कळतं.
तरी रोज असं कापायचं
की हात उठावा, पण गालापर्यंत पोचू नये,
चिठ्ठी उघडावी, अक्षर दिसू नये.
बोरस्तेशेठ म्हणतात, उत्तर आपल्याकडं नाहीच असं समज.
समजते.

आवाज खैरनारकाकांचा.
तीस वर्षं सीबीएसच्या खिडकीमागे बसून
त्यांनी गाड्या सोडल्या.
काम मागायला आले तेव्हा नमुना म्हणून कॅसेट आणली होती:
"नाशिकपासून धुळ्यापर्यंत विनाथांबा,
फलाट क्रमांक सहा."
शेठ म्हणाले, बास, उद्यापासून या.

गोदरेजच्या कपाटाला आतून गोधडी लावून
एका दुपारी आम्ही त्यांच्याकडून अख्खा आठवडा बोलून घेतला.
सोमवार ते शनिवार, आज, उद्या,
रात्री आठ, साडेआठ, नऊ.
रविवारच्या वेळेला त्यांना सर्दी झाली होती.
म्हणाले, हा पुन्हा घेऊ.
राहून गेला.
तेव्हापासून गावाचा रविवार
जरासा चोंदलेल्या नाकाचा आहे
आणि कुणाची तक्रार नाही.

मग टिळकवाडीतल्या दवाखान्यात घशाचं ऑपरेशन.
आता बोलणं नाही.
जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं खिशात,
शर्टाला अडकवलेलं पेन.
आणि रोज साडेआठला काका घरी बसून
स्वतःला ऐकतात: आज रात्री. फक्त आपल्या वाहिनीवर.
काकू म्हणाल्या, आवाज थोडा मोठाच ठेवतात.

परवा मुंबईचा मेल आला. सुलक्षणा संपतेय.
तिच्या जागी दुसरी, तीही जुनी, तीही उंबरठ्यावर.
पाच सेकंदांत हवं होतं: "उद्यापासून."
माझ्याकडे उद्या होता.
पासून नव्हता.

दुपारभर फायली उपसल्या.
शेवटी ती कॅसेट, बुरशीचा वास येणारी,
त्यातून नाशिक कापलं, धुळे कापलं,
मधला पासून उचलला
आणि उद्याला चिकटवला.
उद्या गोधडीतला, मऊ.
पासून स्टँडवरचा, मागे एक हॉर्न,
कुणीतरी पोराला हाक मारतंय.

नेमके तेव्हाच काका आले, जिन्यात दम खात.
पानावर लिहून आणलं होतं,
"रविवार राहिलाय."
मग त्यांचं त्यांनाच हसू आलं, बिनआवाजाचं,
खांदे तेवढे हलले.

मी त्यांना हेडफोन दिला.
उद्यापासून.
पुन्हा.
उद्यापासून.
त्यांनी डोळे मिटले,
गाडी फलाटाला लागताना ऐकावी तसं ऐकलं
आणि दोन बोटं वर केली.
मला वाटलं, दोनदा लावू म्हणतायत.
नाही. बोटं जवळ आणून कात्री केली त्यांची.
दोन फ्रेम जास्त. मधला श्वास काढ.

काढला.
आता सांधा कळत नव्हता.
हॉर्न मात्र राहू दे म्हणून
त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

आठ एकोणतीसला प्रोमो गेला.
हायवेवर कंटेनर, माऊस हलला.
काका जिना उतरत होते,
पायरी मोजत, ओठ हलवत,
कुठल्या फलाटावर कुठली गाडी,
देव जाणे.