गाडी अजून गॅरेजलाच आहे

त्रिशला उपाध्येंनी चावी बाकावर ठेवली,
पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाल्या,
"शिकलगार, हिची चहाडी बंद करायचीय."

मला वाटलं, ब्रेक कुरकुरत असतील.
बाई हसल्या नाहीत. फोन पुढं केला.
मुलाचा निरोप, हिंजवडीहून, काल सव्वाचारचा:
आई, आयर्विन पुलाच्या तोंडाशी एवढा कचकन ब्रेक का?
त्याच्या आधीचा: हरिपूरला तीन तास?
त्याच्या आधी नुसता आकडा,
शंभरपैकी बासष्ट.
"बत्तीस वर्षं विम्याच्या कचेरीत लोकांचे धोके मोजले,
आता माझंच प्रगतिपुस्तक येतंय घरी."

तेवीस वर्षं झाली मला या रस्त्यावर.
मिरजेपासून विश्रामबागेपर्यंत
ज्याची वायर जळली तो माझ्याकडं.
पण हल्लीच्या गाड्या
पोटात काय काय घेऊन येतात!
खणाच्या मागं, चार स्क्रू काढल्यावर, काळा डबा.
सिमकार्ड आतच डाख देऊन बसवलेलं,
घरजावयासारखं:
हलत नाही, बोलत नाही, सगळं ऐकून घेतं.
छतावरच्या माशाच्या परापर्यंत त्याची तार.

"ते मदतीचं लाल बटण," मी म्हणालो,
"तेही मरेल. उलटलात कुठं
तर कुणाला कळायचं नाही."
"पुलावर माणसं असतात की," बाई म्हणाल्या.

दादूनं टॉर्च धरला.
चिमट्यात आला तो फ्यूज, तपकिरी,
तासगावच्या बेदाण्याएवढा.
कुठंच काही विझलं नाही.
उलट काट्यांच्या मधे एक नारिंगी दिवा लागला
आणि लागूनच राहिला.
"असू दे. त्याला काय तेल लागतंय?"

गाडी त्या रात्री ठेवून घेतली.
डब्याच्या आत आणखी एक बारकी बॅटरी असते,
ती हाका मारून मारून दमावी लागते.
शटर ओढताना
उगाच वाटलं, आत कुणीतरी जागं आहे.

चौथ्या दिवशी मुलाचा फोन.
"सन्मती उपाध्ये बोलतोय.
गाडी अजून तुमच्याकडंच दिसतेय."
मी बाहेर बघितलं.
गाडीच्या जागी ऑइलचा डाग,
डागाशेजारी दादू भडंग खात बसलेला.
"पार्ट यायचाय," मी म्हणालो, "कोल्हापूरहून."
पुढच्या सोमवारी: बेळगावहून.
त्याच्या पुढच्या: चेन्नईहून, वाटेत आहे.
पार्ट जितका लांबनं येईल
तितकी बाई लांब जाणार, हा हिशेब
मला तोपर्यंत जमायला लागला होता.

पोरगा वाईट नाही.
तिसऱ्या फोनला त्याचा आवाज जागरणाचा होता.
"आई बरी आहे ना?"
"तिलाच विचारा की."
पलीकडं बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"सवयच मोडली ओ," तो म्हणाला,
"गाडीलाच विचारत होतो."

दिवाळीनंतर बाई सर्व्हिसिंगला आल्या.
नारिंगी दिवा तसाच.
चावी दिली आणि रिक्षानं गेल्या.

आणि गाडी बोलायला लागली.
चाकाच्या कडांना नदीकाठची काळी माती, दोन थर,
एक वाळलेला, एक कालचा.
चटईखाली चिंचोके.
हवेच्या गाळणीत हळदीची पूड.
मीटरवर बाराशे किलोमीटर जास्त.
शेजारची सीट
दोन खाचा मागं सरकवलेली,
पाय लांब असलेल्या कुणासाठी.

दादू म्हणाला, "मालक, बाई तर..."
मी पाण्याचा पाइप त्याच्या हातात दिला.

माती गेली. चिंचोके मी वेचून
वरच्या फळीवरच्या नटांच्या डब्यात टाकले.
गाळणी बदलली, बिलात लावली.
खिशात फोन थरथरत होता, सोमवार होता.
सगळं पुसून झाल्यावर
सीट पुढं ओढायला दादू वाकला.

"राहू दे," म्हटलं,
"ती बिघडलेली नाही."