वीस मिनिटांचा थांबा

शुक्रवारी सकाळी निघायचं, रविवारी रात्री परत.
एवढंच ठरलंय. बाकी सगळं
स्वयंपाकघरातल्या मेणकापडावर पसरलंय:
त्याचा चष्मा, माझी वही, गुडघ्यांच्या गोळ्या,
आणि संत्र्याचं लांबच लांब साल,
जे नुंत्सिओ बोलता बोलता
घाटरस्त्यासारखं वळवत बसलाय.

एकतीस वर्षं त्याने कातानियाहून रागुसाची बस चालवली.
दिवसातून दोनदा. म्हणजे एकूण किती खेपा,
ते एकदा नातवाने गुणाकार करून काढलं
आणि आकडा बघून स्वतःच गप्प झाला.
पण खालचं ते जुनं गाव, इब्ला,
दरीपलीकडच्या टेकडीवर
लग्नाच्या फोटोला उभ्या केलेल्या नातेवाइकांसारखं
एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावणारं,
ते त्याने कायम वरूनच पाहिलं.
वीस मिनिटांचा थांबा.
एक कॉफी, एक लघवी, टायरला एक लाथ,
की माघारी.

"कधीच कसा उतरला नाहीस?"
"उतरलो असतो गं. पण परत चढणार कोण होतं?"

पायऱ्यांबद्दल एकमत नाही.
कालोजेरो म्हणतो, दोनशे बेचाळीस.
औषधांच्या दुकानातली मुलगी म्हणते, तीनशे चाळीस.
ती तिथलीच, पण आकडा सांगताना नजर चुकवते.
शेवटी खोलीच्या मालकिणीलाच फोन लावला,
सिन्योरा क्रोचिफिस्साला.
तिने आधी विचारलं, "गुडघे कसे आहेत?"
मग भाडं सांगितलं. मग म्हणाली,
"मोजू नका. मोजल्या की वाढतात."

मी वहीत लिहिते: शनिवार, संत जॉर्जचं चर्च,
ऊन दर्शनी भिंतीवर येईल तेव्हा.
तो ते खोडतो. लिहितो: ९.४० ते १०.००.
अरे, वीस मिनिटं?
"वीस मिनिटांत मी जन्म काढलाय."

मला बाल्कन्यांखालची तोंडं बघायची आहेत.
दगडातली. कुणी गाल फुगवलेलं, कुणी जीभ काढलेली,
वरच्या मजल्याचा भार वाहत वाहत
खालून जाणाऱ्यांना वेडावणारी.
त्यातलं एक म्हणे हुबेहूब माझ्या सासूसारखं.
हे नुंत्सिओच सांगायचा.
पण वरच्या थांब्यावरून तुला दिसलं कसं?
"एका उतारूने सांगितलं. पंच्याऐंशी साली.
आईला ओळखायचा तो."

शाळेत शिकवलं होतं: भूकंपाने सगळं खाली आणलं,
ते गाव, आमचं शहर, एकाच जानेवारीत.
मग उरलेल्यांनी पुन्हा बांधलं, आणि साधं नाही बांधलं.
खांबांना पीळ दिले, छज्ज्यांना पोटं काढली,
दारांच्या डोक्यांवर फळांच्या परड्या ठेवल्या.
मला हे फार आवडतं.
आपली माणसं पुरून आलेल्यांनी
दगडाला म्हणावं, अजून जरा नखरा कर.

ऑपरेशननंतर मीही लाल बूट घेतले होते.
नुंत्सिओ तेव्हा काही बोलला नाही.
ते न्यायचे की नाही, हे अजून वहीत नाही.

अकरा वाजले. बाल्कनीत ज्वालामुखीची राख
सकाळी झाडली तेवढीच पुन्हा साचलीय.
तिकिटं काढायचीत.
"पहिल्या रांगेत नको," मी म्हणते,
"त्या नव्या पोराला गाडी शिकवत बसशील."
मग तिसरी रांग. खिडकी तुझी.

तो मान डोलावतो आणि डोळे मिटून
रस्ता सांगायला लागतो:
इथे संत्र्यांच्या बागा संपल्या.
इथून दगडी बांध, बांधांमागे गाई.
आता उजवं वळण. आता डावं, आवळलेलं,
समोरून ट्रक येतोच येतो...

टेबलाखाली त्याचा पाय ब्रेक शोधतो
आणि माझं पाऊल दाबून धरतो.

मी ओरडत नाही.
गाडी थांबेपर्यंत राहू देते तसंच.