परदेशातलं स्थळ

नागवेकरांचा फोन आला तेव्हा मी गंगावेशीत, दूधकट्ट्यावर,
हातात फेसाचा पेला, मिशी पांढरी.
"सर, स्थळ मिळालं. पोलंडचं.
तिकडचं सरकार खर्चाचा तिसरा हिस्सा परत देतं.
असलं स्थळ सोडू नये."
घरी येऊन सांगितलं तर बायकोनं अर्धंच ऐकलं:
कुणाच्या पोरीला?

म्हटलं, अक्काताईला.

अक्काताई इंगवले, वय त्रेपन्न,
माझ्या कादंबरीत नवव्या पानावर येते,
दोन म्हशी घेऊन, दिवेलागण झाल्यावर.
गिऱ्हाइकासमोर धार काढते, थेट पेल्यात,
आणि मेलेल्या नवऱ्याला जिवंत असल्यासारख्या शिव्या देते.
एकशे सत्तर पानं ती पेठ सोडत नाही.
एकदा जोतिबाला गेलेली,
ते वाक्यही मी दुसऱ्या आवृत्तीत गाळलं.

मग पटकथा आली.
पुष्कर नावाचा मुलगा, पुण्याचा, मनानं चांगला.
त्यानं पंचगंगा काढून व्हिस्तुला घातली.
रंकाळ्याच्या जागी काहीच घातलं नाही, नुसता पुसला.
म्हशी गेल्या.
(परवानग्यांचं लफडं असतं, सर.)
अक्काताई आता क्राकूमध्ये कॉफीची गाडी लावते,
यंत्रानं दुधाला फेस आणते.
"फेस ठेवलाय, सर. भावना तीच आहे."

मी काही बोललो नाही.
करारातलं चौदावं कलम माझ्याच सहीखाली आहे,
आणि त्या पैशातून बायकोचा उजवा गुडघा झालाय.
डावा अजून बाकी आहे.

फक्त एका जागी अडकलो.
पान एकतीस. अक्काताई दार लावून घेते,
शेजारणीला म्हणते, "येते हं."

आमच्याकडं बाई "येते" म्हणत नाही.
आमच्याकडं बाई "आलो" म्हणते, "गेलो" म्हणते, "जेवलो" म्हणते,
पुण्याचे पाहुणे हसतात, मग ती त्यांना
तांबडा रस्सा जरा जास्तच तिखट वाढते.
आणि निघताना म्हणते, "येतो."
जाणाऱ्यानं जातो म्हणायचं नसतं.

स्कूटर काढली, वळिवड्याला गेलो.
का गेलो ते विचारू नका.
लढाईच्या काळात तिथं पोलंडची माणसं राहिली होती,
हजारोंनी, बरॅकीत; बहुतेक बायका आणि पोरं.
माझा मामा तेव्हा अकरा वर्षांचा, तिथं अंडी विकायचा.
सांगायचा: त्यांनी दारापुढं फुलं लावली,
म्हशीच्या दुधाचं कसलंसं आंबट चीज केलं,
डिसेंबरात सुरूच्या फांदीला कागदाच्या चांदण्या बांधल्या.
सगळं गाव उचलून इथल्या मातीत लावून बघितलं.
काही लागलं, काही वाळलं.

एक बाई होती, मामा तिला हेला म्हणायचा,
खरं नाव एवढंच होतं का, माहीत नाही.
तिच्याकडून तो एक शब्द शिकला: जेन डोब्री.
मरेपर्यंत कोंबड्यांना तेच म्हणायचा.
आणि तिनं शिकलं ते गावातल्या बायकांकडून.
म्हणून लढाई संपल्यावर, गाडीत चढताना,
निळं फडकं हलवत ती म्हणाली, "येतो!"

मामा स्टेशनवर अंड्यांची टोपली घेऊन उभा.
ती यायची राहिली.

आता तिथं बघायला फारसं काही नाही.
एका भिंतीच्या सावलीत कुत्रं झोपलेलं,
मी थोडा वेळ उभा राहिलो, ऊन लागलं, परतलो.

रात्री पटकथेत पेनानं एकच दुरुस्ती केली,
"येते"वरची मात्रा खोडली, काना देऊन मात्रा घातली.
हस्तांतरात तेवढं सामान तिच्याबरोबर जाऊ दे.
फोटो काढून पाठवला.

तासाभरानं पुष्करचा फोन:
"सर, ही चूक आहे ना? बाई आहे ती."

म्हटलं, नाही रे बाबा. असू दे तसंच.
इथं कुणी विचारलं तर माझं नाव सांग.

"आणि तिकडं?"

तिकडं कुणीतरी म्हातारं असेल, म्हटलं,
त्याला कळेल.