एकोणीस

हरिपुरात पेवाचं तोंड उघडलं
की लगेच उतरायचं नसतं.
आधी दोरानं कंदील सोडायचा.
वात जळत राहिली तर माणूस,
विझली तर उद्या.
आप्पांना हे पाठ होतं. तरी त्या दिवशी
व्यापाऱ्याचा ट्रक इंजिन चालू ठेवून उभा होता
आणि कंदिलात रॉकेल नव्हतं.

मी तिसरीत.
चार मिनिटं, असं बंदेनवाजमामा सांगतात.
आई सात म्हणायची.
हळदीनं हवा खाऊन संपवलेल्या त्या अंधारात
मलगोंडा हमाल, वय छत्तीस,
भिंतीला टेकून बसलेले, दुपारी जेवून बसावं तसे.
मामांनी कमरेला दोर बांधला, दम कोंडला
आणि वर आणलं त्यांना.
पोत्यासारखं, असं लोक म्हणतात.
पोत्याला इतकं जपत नाही कुणी.

मिरजेच्या दवाखान्यात अकरा दिवस.
बाराव्या दिवशी पाणी मागितलं,
गाव सांगितलं, मला ओळखलं,
माझी रिबीन सुटलीय हेसुद्धा बघितलं.
फक्त मोजताना
अठरानंतर वीस आले.

आता मी त्याच मिरजेत
मेंदूचे काप काचेवर चढवते.
कुणाचे, ते विचारायचं नसतं; काचेवर नंबर असतो.
रंग चढला की तपकिरी चांदण्या उमटतात,
चेतापेशींच्या आसपास, अंगाला अंग लावून.
यांना फार वर्षं नुसता डिंक समजत.
मधली जागा भरायला काहीतरी.

पेवात हळद ओतायच्या आधी
तळाला, भिंतींना पाचट लावतात.
त्याचा भाव यार्डात कधी पुकारला जात नाही.

हवा तुटली, मार लागला, की या चांदण्या फुगतात,
हात जाड होतात त्यांचे,
आणि आतल्या आत प्रथिनं करायला घेतात, घाईनं,
पंगत बसल्यावर मीठ आठवलेल्या आचाऱ्यासारखी.
त्यातलं एक प्रथिन
चुरगळलेल्या दुसऱ्या प्रथिनांना पुन्हा घडीवर आणतं.
एक, सुटून भटकणारं जस्त मुठीत धरून ठेवतं.
आणि काही म्हणे भिंतीपलीकडे दिली जातात,
शेजारणीच्या उंबऱ्यावर
झाकून ठेवलेल्या ताटासारखी.

सगळ्या वाचत नाहीत.
मधोमध जी जागा जळून जाते
तिथं कुणाचं काही चालत नाही.
पण काठावर
राहू की जाऊ करत घुटमळणाऱ्या असतात काही.
ही धावपळ त्यांच्यापायी.
आप्पांच्या डोक्यात काय झालं ते मी पाहिलेलं नाही.
त्यांचा काप कुणी काढला नाही, बरं झालं.
मी फक्त यार्डातलं पाहिलंय:

आप्पा पोती मोजतायत.
सोळा. सतरा. अठरा.
शेजारी मामा, तळहातावर तंबाखू, मान खाली.
वर न बघता, ओठ जेमतेम हलवून,
"एकोणीस."
"वीस," आप्पा खणखणीत.
बावीस वर्षं.
एका पोत्याचाही घोळ नाही.
व्यापाऱ्याला कळलं नाही, मुकादमाला नाही,
आप्पांना कळलं होतं का, कोण जाणे.
घरी कधी म्हणायचे,
"बंद्याला मोजताना बडबडायची सवय हाय."

मग पुराचं पाणी शिरलं, पेवं बुजली.
आप्पाही गेले, झोपेत.

काल भिंगाखाली चांदण्या मोजत होते.
अठराला बोट थांबलं.
कारण काही नव्हतं. डोळे थकले असतील.
बाहेर जाऊन मामांना फोन लावला.
"मामा, अठरापर्यंत आलेय."
पलीकडून खोकला, बराच वेळ,
आणि कुकरच्या दोन शिट्ट्या.

"मग पुढं जा की," म्हणाले.